विंचवाचे बिऱ्हाड आणि मुक्कामाचे वाङ्मय

१

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण सामान्यतः दोन गोष्टी गृहीत धरतो. पहिली अशी की, प्रवास हा काहीतरी पाहण्यासाठी असतो; आणि दुसरी अशी की, त्या पाहण्याचे जे शब्दरूप ग्रंथ होऊन प्रसिद्ध होते तेवढेच अभ्यासास पात्र असते. मराठीतील प्रवासवर्णनाची समीक्षा बहुतांशी याच चौकटीत वावरली आहे. लेखकाची निरीक्षणशक्ती, स्थलवर्णनातील चित्रमयता, परक्या संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी, शैलीची प्रसन्नता हे तिचे नेहमीचे निकष होत. ते गैर आहेत असे मला म्हणावयाचे नाही. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) किंवा पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) यांचे मोल त्या निकषांनी पुष्कळसे उलगडते. परंतु काही प्रवाससामग्री अशी असते की ती या निकषांच्या हाती लागतच नाही, आणि म्हणून ती वाङ्मयाच्या परिसरातली आहे हेच आपल्या ध्यानी येत नाही. मोटरहोममधून घालवलेल्या सुट्यांच्या आठवणी आणि त्या आठवणींसोबत दाखवली जाणारी घरगुती छायाचित्रे ही अशीच एक सामग्री आहे.

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बसण्याउठण्याची सोय आतच केलेली मोटारगाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे ती सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली. जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ पासून अशी सोय बसवून द्यावयास आरंभ केला. अमेरिकेत उघड्या मालमोटारीच्या पाठीवर लाकडी-पत्र्याची खोली चढवण्याची पद्धत रूढ झाली. या गाड्यांतून कुटुंबे उन्हाळ्याचे तीन-चार आठवडे हिंडत, छायाचित्रे काढत, आणि परतल्यावर एखाद्या संध्याकाळी आप्तेष्टांना बोलावून ती दाखवत. अशा छायाचित्रांची गणती करणे शक्य नाही. त्यांच्याविषयी आजवर लिहिले ते समाजशास्त्रज्ञांनी. पिएर बूर्द्यू यांनी छायाचित्रणाच्या सामाजिक उपयोगांवरील १९६५ च्या ग्रंथात घरगुती छायाचित्र हे कुटुंबाच्या एकजुटीचा विधी कसे ठरते ते दाखवले. सूझन सॉन्टॅग यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, पर्यटक अनुभव घेण्याऐवजी त्याची प्रतिमा गोळा करतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मात्र या सामग्रीकडे पाठ फिरवली.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मोटरहोमच्या आठवणी हे ‘पाहण्या’चे वाङ्मय नसून ‘मुक्कामा’चे वाङ्मय आहे, त्यातील चित्र आणि कथन ही एकमेकांवाचून अपुरी असतात, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकांना ते वाचण्याची साधने युरोपीय समीक्षेपेक्षा आपल्याच परंपरेत अधिक सापडतील.

आरंभ शब्दापासून करू. इंग्रजी नाव या गाडीला ‘घर’ म्हणते. मराठीत मात्र त्याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे बिऱ्हाड. घर बांधावे लागते, बिऱ्हाड करावे लागते. घराला जागा चिकटलेली असते. बिऱ्हाडाला भांडी, अंथरुणे आणि माणसे पुरतात, जागा बदलली तरी चालते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण बहुधा हिणवण्यासाठी वापरली जाते; पण मोटरहोमचे इतके अचूक वर्णन दुसऱ्या कोणत्या भाषेत चार शब्दांच्या आत होईल असे मला वाटत नाही. ही म्हण पुढे आणखी एका कारणासाठी पुन्हा आठवावी लागणार आहे.

२

रेल्वेने किंवा विमानाने केलेल्या प्रवासातील छायाचित्रे आणि मोटरहोमच्या सुटीतील छायाचित्रे समोरासमोर ठेवली, तर एक भेद चटकन नजरेस येतो. पहिल्या प्रकारात स्मारक, शिखर, पुतळा, आणि त्यापुढे उभा राहिलेला माणूस असतो. दुसऱ्या प्रकारातही हे असतेच, पण त्याच्या जोडीला अगदी निराळी चित्रे विपुल असतात : घडीच्या खुर्च्या आणि मेज, गाडीच्या कडेला ओढलेली कनात, दोन झाडांत बांधलेल्या दोरीवरचे टॉवेल, गॅसच्या शेगडीवरची किटली, पावसात आत अडकून पत्ते खेळणारी मुले, चिखलात रुतलेले चाक. स्थळ कोणते ते या चित्रांवरून बहुधा ओळखता येत नाही. ते चित्र नॉर्वेतले असेल, तस्मानियातले असेल, किंवा ओरेगनमधले. सॉन्टॅग यांचा आक्षेप पहिल्या प्रकाराच्या छायाचित्राला बिनतोड लागू पडतो, कारण ते ‘मी हे पाहिले’ याचा पुरावा असते. दुसऱ्या प्रकारातील चित्र कशाचाच पुरावा होऊ शकत नाही. ‘आम्ही येथे राहिलो’ एवढेच ते म्हणते, आणि हे ‘येथे’ कोठे ते सांगण्यासाठी माणसाची वाट पाहते.

या वाङ्मयाचे मुद्रित नमुने आहेत, आणि त्यांतही हेच वैशिष्ट्य दिसते. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त वैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टॉल येथे खास सुटीसाठी म्हणून एक घोड्यांची कॅराव्हॅन बांधवून घेतली, तिला ‘वाँडरर’ असे नाव दिले, तिच्यातून इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला, आणि १८८६ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला त्याचे ते एक उपाध्यक्ष होते. त्यांच्या लेखनात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा रात्री गाडी कोणाच्या कुरणात उभी केली, घोड्यांची सोय कशी लागली, चुलीवर काय शिजले यांना अधिक जागा आहे.

दुसरे उदाहरण सर्वपरिचित आहे. जॉन स्टाइनबेक यांनी १९६० च्या सप्टेंबरात आपला कुत्रा चार्ली याला बरोबर घेऊन, मालमोटारीवर बसवलेल्या खोलीतून अमेरिकेची सुमारे दहा हजार मैलांची फेरी केली. गाडीला त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले होते. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे अर्ध्या शतकानंतर, २०१० मध्ये, बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग धरून पुस्तकाची पडताळणी केली. त्यातून जो वाद निघाला तो आपल्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. पुस्तकातील काही संभाषणे रचलेली असावीत, हा त्याचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप असा की, लेखक गाडीत एकटा झोपल्याचा जो समज पुस्तक करून देते तो फसवा आहे. कित्येक रात्री त्याने हॉटेलांत काढल्या होत्या आणि पुष्कळ दिवस त्याची पत्नी बरोबर होती. पुस्तकाच्या २०१२ मधील आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे पारिनी यांनी हे लेखन शब्दशः खरे मानू नये, अशी सूचना दिली.

संभाषणे रचणे हा प्रवासलेखकाचा जुना परवाना आहे आणि वाचकही तो मान्य करत आला आहे. रात्रीच्या मुक्कामाविषयी मात्र तो सवलत देत नाही, हे या वादाने दाखवून दिले. वाचक आणि लेखक यांच्यातील कराराचे ठिकाण येथे बदललेले आहे. सामान्य प्रवासवर्णनात ‘तू हे खरोखर पाहिलेस का?’ असा प्रश्न असतो. मोटरहोमच्या वर्णनात ‘तू तेथे खरोखर निजलास का?’ असा असतो. ज्या वाङ्मयप्रकाराचा सत्याचा करार निराळा, त्याचे निकषही निराळे असावयास हवेत.

तिसरे उदाहरण मला या प्रकारातील सर्वांत श्रेष्ठ वाटते. अर्जेंटिनाचे कादंबरीकार हुलियो कोर्तासार आणि त्यांची पत्नी कॅरोल डनलॉप यांनी १९८२ च्या मे-जून महिन्यांत, फोक्सवॅगनच्या एका लाल व्हॅनमधून पॅरिस ते मार्सेय असा प्रवास केला. हे सुमारे आठशे किलोमीटरचे अंतर द्रुतगती मार्गाने एका दिवसात सहज काटता येते. या दांपत्याने त्याला तेहतीस दिवस लावले. त्यांनी स्वतःला घातलेले नियम साधे होते : द्रुतगती मार्ग सोडावयाचा नाही, मार्गावरील प्रत्येक थांब्यावर थांबावयाचे, रोज दोनच थांबे घ्यावयाचे आणि दुसऱ्यावर रात्र काढावयाची. असे पासष्ट थांबे झाले. जुन्या दर्यावर्दी संशोधकांच्या थाटात त्यांनी रोजनिशी ठेवली : किती वाजता निघालो, काय खाल्ले, उष्मा किती होता, गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते. गाडीला त्यांनी एका दंतकथेतील ड्रॅगनचे नाव दिले होते. डनलॉप यांनी छायाचित्रे काढली. त्यांत आहेत त्या कचऱ्याच्या पेट्या, झाडाखालच्या खुर्च्या, टंकलेखनयंत्र, शेजारी उभ्या असलेल्या मालमोटारी. सारांश, जगाने ‘न पाहण्याजोगे’ म्हणून ठरवलेले सर्व काही.

हा खेळ होता हे खरे. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅरोल डनलॉप यांचा मृत्यू झाला. छायाचित्रे, टिपणे आणि दोघांनी मिळून लिहिलेली पाने एकट्या कोर्तासार यांच्या हाती उरली. त्यांनी ते पुस्तक पुरे केले. ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत तेही गेले. पासष्ट क्षुल्लक थांब्यांची नोंद ही त्यामुळे एका सहजीवनाच्या अखेरच्या उन्हाळ्याची नोंद ठरली. जेथे काहीही पाहण्यासारखे नव्हते, तेथे दोन माणसे एकमेकांच्या सोबतीने राहिली होती एवढाच त्या चित्रांचा आशय आहे. तो लहान आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

३

थांब्यांची अशी वही मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. तशी एक वही आपल्याकडे चौदाव्या शतकातच तयार झाली होती. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ श्रीचक्रधरांच्या परिभ्रमणातील स्थानांची नोंद करते, आणि ती नोंद आश्चर्य वाटावे इतकी काटेकोर आहे. स्वामी अमुक गावी कोणत्या देवळात उतरले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे द्वार कोणीकडे, मठ कोठे, वृक्ष कोठे हे सर्व ती सांगते. दीर्घ मुक्काम, एका रात्रीची वस्ती, नुसते बसणे असे भेदही ती पाळते. स्थलाचे सौंदर्य तिच्या खिजगणतीत नाही. जेथे राहणे घडले ते स्थान, एवढीच तिची स्थानाची व्याख्या आहे.

कोर्तासार गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते ते लिहितात आणि स्थानपोथी देवळाचे द्वार कोणत्या दिशेला होते ते लिहिते. या साम्यावरून प्रभावाचा किंवा परंपरेचा कोणताही संबंध सूचित करण्याचा माझा हेतू नाही. एकीकडे भक्ती आहे, दुसरीकडे विनोद. एकीकडे अवताराचे सान्निध्य, दुसरीकडे दोन प्रापंचिकांचे. पण तौलनिक साहित्याभ्यासाने प्रभावापलीकडे जाऊन रूपाची तुलना करावी असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत, आणि येथे रूप एकच आहे. गेलेल्या माणसाचे स्मरण करावयाचे असेल तर त्याने काय पाहिले यापेक्षा तो कोठे, कसा, कोणीकडे तोंड करून राहिला याची नोंद अधिक उपयोगी पडते, ही जाण दोन्हींच्या मुळाशी आहे. महानुभावांनी स्थानाला स्मरणसाधनांत गणले ते उगीच नव्हे.

आपल्या भाषेनेही ही जाण जपली आहे. बखरींतील फौजा मजल दरमजल करीत जातात. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये (प्रकाशन १९०७) सत्तावन्नच्या धामधुमीइतकेच कोणत्या गावी कोणाकडे उतरलो आणि पोटापाण्याची काय सोय झाली याचे वर्णन आहे. आषाढीच्या पालख्यांचे वेळापत्रक मुक्काम आणि विसावे यांनी भरलेले असते. इतकेच काय, पण पत्रावर कायमचा पत्ता लिहितानाही आपण आधी ‘मुक्काम’ आणि मग ‘पोस्ट’ लिहितो. ज्या भाषेत माणसाच्या कायमच्या पत्त्याचाही आरंभ मुक्कामाने होतो, त्या भाषेच्या समीक्षेने मुक्कामाच्या वाङ्मयाचे निकष घडवू नयेत, ही खेदाची गोष्ट आहे.

४

आता चित्र आणि कथन यांच्या संबंधाकडे वळू. साठीच्या दशकापासून सुमारे तीन दशके सुटीच्या आठवणी दाखवण्याचे प्रमुख साधन पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, हे होते. कोडॅक कंपनीने १९६१ मध्ये गोल फिरत्या थाळीचा प्रक्षेपक बाजारात आणला आणि अंधाऱ्या दिवाणखान्यातील ‘स्लाइडची संध्याकाळ’ ही पश्चिमी मध्यमवर्गाची संस्थाच बनली. ती कंटाळवाणी असते असा तिचा लौकिक आहे आणि तेथील विनोदी लेखकांनी त्यावर पुष्कळ हात धुऊन घेतला आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कारण ही सामग्री अभ्यासाच्या योग्यतेची नाही, असे जे आपणांस वाटते त्याच्या मुळाशी हाच कंटाळा असतो.

युरोपातील एका विद्यापीठात अध्यापनासाठी राहिलो असताना अशा काही संध्याकाळी मी बसून ऐकल्या आहेत. कंटाळा केव्हा येतो आणि केव्हा येत नाही हे तेथे स्पष्ट कळते. किल्ला, धबधबा, पुन्हा किल्ला अशी चित्रे लागली की श्रोते चुळबुळ करू लागत. कारण ती चित्रे कथनावाचून पुरी असत आणि सांगणाऱ्यापाशी त्यात भर घालण्यासारखे काही नसे. परंतु पडद्यावर एखादे धड न आलेले चित्र उमटे, उदाहरणार्थ धुक्यात उभी असलेली गाडी आणि तिच्या दारात कोणाचा तरी अर्धवट हात, आणि यजमान-यजमानीण एकदम बोलू लागत. हे पावसाच्या आधीचे की नंतरचे, पाण्याची टाकी त्या रात्री रिकामी झाली होती की आदल्या रात्री, यावर त्यांचे एकमत होत नसे. एक सांगे, दुसरा दुरुस्ती करी, तिसरा त्यात आपली आठवण घाली. कथा तेथे, त्या अपुऱ्या चित्रापाशी, जन्म घेत होती.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रसंग ओळखीचा वाटला पाहिजे. राजस्थानात पाबूजीची फड वाचली जाते तेव्हा रात्री भोपा रावणहत्थ्याच्या साथीने गातो, आणि भोपी हातातील दिवा चित्रपटाच्या नेमक्या त्या भागाजवळ धरते ज्याचे गायन चालू आहे. अंधार, उजेडाचे एक वर्तुळ, आणि त्या उजेडापुरती कथा. त्या फडीवरील प्रसंग कथेच्या कालक्रमाने मांडलेले नसतात. जे जेथे घडले त्या स्थळाच्या अनुरोधाने मांडलेले असतात. म्हणून फड पाहून कथा कळत नाही. ती सांगावीच लागते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी हे आपले मराठी उदाहरण. चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करत, वाद्यांच्या साथीने आख्यान लावावयाचे. त्या पोथ्यांतील चित्रे संग्रहालयांत टांगली गेली, त्यांच्या प्रती विकल्या गेल्या. परंतु आख्यान सांगणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली. चित्र वाचले आणि वाणी गेली, तर चित्रकथीचे काय उरते? एक सुंदर कागद.

हीच गत स्लाइडची होत आहे. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड-प्रक्षेपकांचे उत्पादन थांबवले. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ पासून वापरात होती. तिचे उत्पादन २००९ मध्ये संपले आणि कॅन्ससमधील पार्सन्स या गावच्या अखेरच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ती धुऊन देणे बंद केले. आज माळ्यावरची स्लाइडची खोकी निघतात ती बहुधा आईवडिलांच्या निधनानंतर. मुले त्यांतील शिखरे आणि किल्ले ओळखू शकतात. धुक्यातली गाडी आणि अर्धवट हात मात्र कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे टाकून दिले जाते ते नेमके तेच, ज्यात वाङ्मय होते. दूरभाषयंत्रातील आजच्या छायाचित्रांची स्थिती बाह्यतः वेगळी आहे. ती हजारोंनी निघतात आणि तत्काळ शेकडोंना पोचतात, पण ती पोचतात तेव्हा सांगणारा समोर नसतो. वाटणे सोपे झाले, सांगण्याची संध्याकाळ गेली.

५

येथवर मी या सामग्रीची बाजू मांडली. आता तिच्यावरील एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो आक्षेप कंटाळ्याचा नाही.

स्टेबल्स यांनी स्वतःला ‘सभ्य गृहस्थ जिप्सी’ म्हणवून घेतले. त्यांच्या गाडीबरोबर कोचमन होता, हरकाम्या नोकर होता. जिप्सींच्या गाडीचे रूप त्यांनी घेतले, जिप्सीपण मात्र सुटीपुरतेच. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने कॅराव्हॅनच्या तळांवर परवान्याचे बंधन आले आणि जिप्सींच्या परंपरागत थांबण्याच्या पुष्कळ जागा बंद झाल्या. त्याच कायद्यात करमणुकीसाठी कॅराव्हॅनने हिंडणाऱ्यांच्या मान्यताप्राप्त संघटनांना सूट होती. जिप्सींसाठी तळ पुरवण्याची जबाबदारी १९६८ मध्ये स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली आणि १९९४ मध्ये ती पुन्हा काढून घेण्यात आली. एकाच कुरणातला एकाच प्रकारचा मुक्काम एकासाठी सुटी ठरला आणि दुसऱ्यासाठी गुन्हा.

आपल्याकडे हे सांगण्यासाठी दूर जावयास नको. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरला त्यांची वसाहत तारेच्या कुंपणाआड होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याचा कलंक पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आहे. त्या पुस्तकातही मुक्काम आहेत, चूल आहे, पाऊस आहे, गावाबाहेरची जागा आहे. वर मोटरहोमच्या छायाचित्रांची जी सूची मी दिली तिच्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तूचा जुळा भाऊ तेथे सापडेल. नाही तो फक्त छायाचित्रकार. ‘विंचवाचे बिऱ्हाड’ ही म्हण हिणवण्यासाठी का वापरली जाते याचे उत्तर येथे आहे. ज्यांचे बिऱ्हाड पाठीवर असे, त्यांच्याकडे गावाने विंचवाच्याच नजरेने पाहिले.

अमेरिकेतही हा भेद आता त्याच गाड्यांच्या पोटात शिरला आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घरे गमावलेली वयस्क माणसे मोटरहोम आणि व्हॅन यांत राहून हंगामी मजुरीच्या शोधात हिंडू लागली. त्यांच्याविषयी जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले; त्यावरचा चित्रपट २०२० मध्ये आला. सुटीवरचे कुटुंब आणि हे मजूर कित्येकदा एकाच तळावर शेजारी शेजारी उभे असतात. एकाच्या छायाचित्रात दुसऱ्याची गाडी पार्श्वभूमी म्हणून येत असेल.

मग या साऱ्या आठवणी सुखवस्तूंचा लटका संन्यास म्हणून बाजूस साराव्यात काय? माझे मत तसे नाही. उलट हा भेद दिसावा म्हणूनच त्या वाचल्या पाहिजेत. प्रेक्षणीय स्थळांच्या वर्णनाची ‘उपरा’शी तुलनाच होऊ शकत नाही, त्यांना समान भूमी नाही. मुक्कामाच्या वर्णनाची होऊ शकते. किंबहुना ती करणे अटळ आहे. दोन्हीकडे एकच प्रश्न आहे, आज रात्री कोठे? पण एकाच्या बाबतीत तो कुतूहलाचा आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत भयाचा. एका प्रश्नाचे हे दोन स्वर ऐकू येण्यासाठी दोन्ही संहिता मेजावर असाव्या लागतात. त्यांपैकी एक क्षुद्र म्हणून आपण आधीच फेकून दिली, तर दुसरीचे दुःखही आपण केवळ ‘दलित-भटक्यांचे साहित्य’ या कप्प्यात बंद करून मोकळे होऊ. आजवर आपण बहुधा तेच केले आहे.

६

हा प्रश्न यापुढे केवळ परदेशाचा राहणार नाही. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन-पर्यटनाची धोरणे जाहीर केली. अशा सुट्यांच्या मराठी आणि मलयाळम आठवणी हळूहळू साठू लागतील. परदेशातील मराठी कुटुंबांजवळ तर त्या केव्हाच साठलेल्या आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत उत्तर अमेरिकेत गेलेल्या पिढीने भाड्याच्या मोटरहोममधून तेथील राष्ट्रीय उद्याने पालथी घातली, गाडीतल्या शेगडीवर पिठले-भात शिजवला, आणि त्याच्या स्लाइड भारतातून आलेल्या आईवडिलांना मराठीतून समजावून सांगितल्या. बृहन्महाराष्ट्र मंडळासारखी संस्था तेथे १९८१ पासून आहे. त्या समाजाच्या संमेलनांचा आणि नियतकालिकांचा इतिहास लिहिला जाईल. पण त्याच्या दिवाणखान्यातील कथनांचा लिहिला जाणार नाही, कारण ती कोणी टिपून ठेवलेली नाहीत. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून केंद्रीय विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांपुढे मी एक अगदी व्यावहारिक सूचना ठेवू इच्छितो. अशा छायाचित्रांचा संग्रह करावा; परंतु चित्रे एकटी घेऊ नयेत. प्रत्येक चित्र ते काढणाऱ्यासमोर, आणि शक्य तर त्या प्रवासातील किमान दोघांसमोर ठेवावे, आणि त्यांच्या भाषेत, त्यांच्या वादासह, त्यांचे सांगणे ध्वनिमुद्रित करावे. शिखरांची आणि पुतळ्यांची चित्रे वगळली तरी चालतील. धूसर, अर्धवट, ‘फुकट गेलेली’ चित्रे वगळू नयेत. आणि याच प्रकल्पात, याच पद्धतीने, ज्यांच्याजवळ छायाचित्रे नाहीत अशा भटक्या कुटुंबांतील वृद्धांना त्यांचे मुक्काम विचारावेत : कोणत्या गावाबाहेर, कोणत्या झाडाखाली, गावाच्या कोणत्या अंगाला, कोणी हाकलले, कोणी पाणी दिले. त्यांच्या बाबतीत चित्राचे काम स्मृतीलाच करावे लागेल. स्थानपोथीच्या कर्त्यापाशी तरी दुसरे काय होते?

या दोन्ही संग्रहांना एकच सूची असावी आणि ती मुक्कामवार असावी. कर्त्याच्या नावाने किंवा जातीच्या नावाने लावली तर वर्गवारीचे आपले जुने खोडे पुन्हा पायांत पडेल. मुक्कामाच्या नावाने लावली, तर एखाद्या ओढ्याकाठच्या एकाच मोकळ्या जागेच्या नोंदीखाली एका बाजूला घडीच्या खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला गाढवाच्या पाठीवरून उतरलेली चूल अशा दोन नोंदी येऊ शकतील. त्या दोन नोंदी एका पानावर वाचल्यावाचून भारतीय प्रवासवाङ्मयाचा इतिहास पुरा झाला असे कोणी म्हणू नये.